काळी पडते तीही चांदीच

उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या आणि कांदा-लसूण मसाल्याचं कांडप उरकलं, की कोल्हापुरातल्या घरात त्याचा वास चार दिवस रेंगाळतो. मसाला कालवणाऱ्या बोटातली चांदीची अंगठी त्याहून जास्त दिवस काळवंडलेली राहते. हात साबणानं स्वच्छ होतात. अंगठी होत नाही, कारण ती मळलेली नसतेच.

निम्मी चूक इथंच होते. काळं दिसलं की मळ, आणि मळ म्हटला की घासायचा, असं हाताला वळण पडलेलं असतं. पितळी तांब्या, कढईचं बूड, चांदीचं फुलपात्र, सगळ्यांना एकच काथ्या. पण चांदीवरचा काळा थर बाहेरून येऊन बसलेला नसतो. चांदीचाच वरचा पापुद्रा गंधकाशी संयोग होऊन काळा पडलेला असतो. रसायनशास्त्रात त्याला सिल्व्हर सल्फाइड म्हणतात. कांदा, लसूण, अंडं यांत गंधकाची संयुगं असतात. गटाराच्या आणि सडक्या पाल्याच्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि आपल्याकडची आषाढ-श्रावणातली दमट हवा त्याला हात देते. नुसत्या प्राणवायूनं, साध्या तापमानाला, चांदी काळी होत नाही. या काळ्या थराचे १०० ग्रॅम कुणी गोळा केलेच, तर त्यात सुमारे ८७ ग्रॅम चांदीच निघेल. म्हणजे घासून फडक्यावर जे काळं उतरतं आणि 'बघा किती घाण निघाली' म्हणून आपण समाधानानं दाखवतो, ती बहुतांशी आपली चांदी असते.

देवघरातले टाक पाहा. जोतिबा, खंडोबा, अंबाबाई. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेलं काम, बऱ्याच टाकांना मागून तांब्याचा पत्रा. पिढ्यान् पिढ्या राख आणि चिंच लावून घासलेल्या टाकावर आधी देवाचं नाक सपाट होतं, मग डोळे जातात, शेवटी घोडा आहे की नंदी हेही कळेनासं होतं. भक्तीत काही कमी नव्हतं. राखेतली वाळू जास्त होती. चांदी नखापेक्षा थोडीशीच कठीण. राखेतले वाळूचे कण तिच्यापुढं कानशीच. टूथपेस्टचंही तेच. ती दातांसाठी बनते आणि दातावरचं आवरण चांदीच्या कितीतरी पुढचं. टूथपेस्टनं चांदी लगेच चमकते, यात खोटं काही नाही. भिंगाखाली धरली की ती चमक म्हणजे बारीक ओरखड्यांचं जाळं असतं, आणि पुढच्या वेळी काळेपणा त्याच ओरखड्यांत आधी शिरतो.

म्हणून चांदी हातात घेतली की प्रथम ती कशी घासायची हा प्रश्न नसतो, ती नेमकी काय आहे हा असतो. दागिन्याच्या आतल्या बाजूला, कडीजवळ छाप शोधा. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. ९००, ८३५, ८०० असेही दर्जे असतात. जुन्या पैंजणांवर यातलं काहीच नसतं. हातकणंगले तालुक्यातली हुपरी पैंजणांसाठी देशभर ठाऊक आहे, आणि तिथल्या धंद्याचा रोजचा शब्द 'टंच', म्हणजे शंभरात चांदी किती. टंच साठ-सत्तरवर असलेल्या पैंजणात तांबं-जस्त भरपूर, त्यामुळे तो नुसता काळा पडत नाही, तांबूस होतो, सांध्याशी हिरवा धरतो. असा पैंजण कितीही साफ केला तरी ९२५सारखा पांढरा होणार नाही. तिथं हात आखडता घ्यायचा.

'जर्मन सिल्व्हर' लिहिलेल्या वस्तूत चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. (जर्मनचं पातेलं म्हणतो ते ॲल्युमिनियमचं. आपल्याकडं 'जर्मन' म्हटलं की काय हाती लागेल याचा नेम नाही.) बाजारात 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून मिळणारे झुमके बहुतेकदा पितळ-तांब्यावर काळं चढवलेले असतात. ते उजळायला गेलात तर खालचं पिवळं बाहेर येतं.

हल्ली चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली ठुशी आणि साज पुष्कळ घरांत आहेत. त्यांचा काळेपणा खालच्या चांदीतून वर आलेला असतो, पण घासल्यावर आधी जातं ते सोनं. त्यांना कोमट साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. मोती आणि पोवळं मुळात चुनखडीच्याच जातीचे, लिंबू-चिंचेनं त्यांची वरची तकाकी खाल्ली जाते. खड्याच्या मागं चकाकीचा वर्ख लावून बंद केलेलं कोंदण असेल तर त्यात पाणी शिरता कामा नये. एकदा शिरलं की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. पोकळ मण्यांत लाख भरलेली असेल तर उकळतं पाणी वर्ज्य, लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते. असले दागिने ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडे करायचे. वाचताना हा भाग कंटाळवाणा वाटतो हे मान्य, पण घरी बिघडलेल्या दागिन्यांतले बहुतेक याच पायरीवर बिघडतात.

पहिली धुलाई रिठ्याची. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी दहा मिनिटं मंद उकळा, गाळून कोमट होऊ द्या. दागिना त्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशानं पाण्यातच हलकेच फिरवा. ब्रश कोरडा चालवायचा नाही. घाम, तेल, कुंकू, पैंजणाच्या कड्यांत अडकलेला साबणाचा खळ, हे सगळं इथं सुटतं. तो खरा मळ. पुष्कळदा 'काळा' पैंजण रिठ्यातूनच निम्मा उजळून निघतो आणि पुढचं काही करावं लागत नाही. रिठा नसेल तर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. फक्त ब्लीच असलेलं काही नको. क्लोरीननं चांदीवर दुसराच थर धरतो, आणि तो सल्फाइडपेक्षा हट्टी.

त्यानंतर खडू, आणि माझ्या लेखी घरगुती उपायांत याच्या तोडीचा दुसरा नाही. औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानात 'प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट' म्हणून पांढरी पूड मिळते. शाळेचा खडू बहुतेक जिप्समचा असतो; तोही मऊ, पण त्यात कधी कधी खर असते. पूड कुठलीही घ्या, मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा. मग जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर ओल्या बोटानं थोडी घासून बघा. सीडीचं प्लॅस्टिक चांदीपेक्षा मऊ असतं. त्यावर चरा उठला नाही तर चांदीवर उठणार नाही. एक चमचा पुडीला साधारण अर्धा चमचा पाणी आणि लिक्विडचा एक थेंब, श्रीखंडाइतकं घट्ट. धुऊन विरलेल्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा बोटाला गुंडाळून, एकाच दिशेनं, सरळ रेषेत घासायचं. गोल गोल नको. गोल ओरखडे उजेडात चटकन दिसतात. फडक्याची जागा काळी झाली की बदलायची, नाहीतर काढलेलंच परत चोळलं जातं. नक्षीच्या खाचेत कानात घालायची कापसाची काडी. शेवटी पूड पूर्ण धुऊन काढायची, कारण खाचेत वाळलेला खडू पांढऱ्या बुरशीसारखा दिसतो.

चांदी काळी पडताना आधी पिवळसर होते, मग तपकिरी, मग जांभळट-निळी, शेवटी काळी. थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो. पिवळसर असताना खडूचे चार हात पुरतात. काळ्यापर्यंत थांबलात की हातही दुखतात आणि चांदीही जास्त जाते. वर्षातून एकदा दिवाळीला घासघासून काढण्यापेक्षा दर दोन महिन्यांनी कोरड्या मऊ फडक्यानं दोन मिनिटं पुसणं दागिन्याला कितीतरी बरं.

दाट काळ्या झालेल्या, खडे-मोती नसलेल्या, नक्षीत मुद्दाम काळं न भरलेल्या साध्या दागिन्यांसाठी सोड्याची रीत आहे. ती जादूसारखी दिसते, म्हणून गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. काचेच्या किंवा स्टीलच्या मोठ्या भांड्यात तळाला आणि कडेला ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर की खाली यानं फरक पडत नाही. रिठ्यात धुतलेला दागिना फॉइलला टेकेल असा ठेवा. हे टेकणं महत्त्वाचं; एकावर एक ढीग घातला तर वरचे तसेच राहतात आणि मग दोष सोड्याला. वर चार मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ पसरून हळूहळू एक लिटर उकळतं पाणी ओता. फसफसून वर येतं, म्हणून भांडं मोठं. खिडकी उघडी ठेवा, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वास म्हणजेच काम चालू असल्याची खूण: गंधक चांदीला सोडून बाहेर पडतो, ॲल्युमिनियम झिजतं आणि चांदी परत धातू होते. खाण्याचा सोडाच हवा, बेकिंग पावडर नव्हे. दोन ते पाच मिनिटांत चिमट्यानं काढा, वाहत्या पाण्यात धुवा. अजून काळं असेल तर पाणी आणि फॉइल दोन्ही बदलून पुन्हा, कारण निवलेलं पाणी आणि डागाळलेली फॉइल काही करत नाहीत. मीठ मात्र कणभरही अंगावर राहू देऊ नका.

यात घासणं नाही, म्हणून चांदी जवळजवळ जात नाही. पण परत आलेली सगळीच जागच्या जागी घट्ट बसते असंही नाही. ती भुरभुरीत असते, त्यामुळे जाड थर निघालेला दागिना चमकत नाही, पांढुरका, चुना लावल्यासारखा निस्तेज दिसतो. घाबरून दुसऱ्यांदा सोड्यात टाकू नका. खडूचे दोन हलके हात दिले की चकाकी येते. सोड्यानंतर तांबूस झाक उरली तर ते तांबं आहे, कमी टंचाचं. ते सोड्यानं जाणार नाही, तिथं थांबायचं.

एक गंमत. पूजेतली नाणी किंवा टाक नीट न धुता या पाण्यात टाकले तर खाचांतली हळद क्षणात लालभडक होते आणि वाटतं की चांदीतून रक्त निघतंय. हळदीला सोड्यासारखा खार लागला की ती लाल होते, आणि कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे. काळजीचं काही नाही, पण रिठ्याची पायरी गाळली गेली याची ती पावती.

नाण्यांचं निघालंच आहे तर: लक्ष्मीपूजनाच्या थैलीतला राणीछाप किंवा राजाछाप जुना रुपया उजळू नका. ११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयात १९४०च्या आधी सुमारे ९१.७ टक्के चांदी होती, त्यानंतर ती निम्म्यावर आली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. म्हणून एकाच थैलीतले काही रुपये घासूनही पांढरे होत नाहीत. संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत पडते ती पडतेच.

लिंबू-मीठ, चिंच-मीठ हा पितळेचा उपाय आहे, चांदीचा नव्हे. आंबटानं वरवरचं तांबं विरघळतं, मीठ खाचेत राहतं आणि आठ दिवसांत दागिना आधीपेक्षा पिवळा दिसतो. बाटलीत मिळणारं 'बुडवा आणि काढा' द्रव पाच-दहा सेकंदांपुरतं ठीक, तेही हातमोजे घालून. पोकळ घुंगरात ते शिरलं की धुऊनही निघत नाही, म्हणून पैंजणाला नकोच.

आता ज्या काळ्याला हात लावायचा नाही ते काळं. जुन्या तोड्यांच्या, दंडातल्या वाकींच्या, करंड्याच्या नक्षीत खोलगट भाग काळा असतो म्हणून उठावाचा भाग दिसतो. काही वेळा तो कारागिरानं मुद्दाम भरलेला, काही वेळा वापरात आपोआप बसलेला. सगळं पांढरं केलं की नक्षी आंधळी होते, वेलबुट्टी पुरीवरच्या टोचण्यासारखी दिसते. अशा वस्तूला सोडा अजिबात नाही. फक्त उठावावर खडू, तोही सपाट ताणून धरलेल्या फडक्यानं, म्हणजे बोट खाचेत उतरत नाही. चुकून सगळं उजळलंच तर स्वयंपाकघरात उतारा आहे. एक अंडं बारा मिनिटं उकडा, गरम असतानाच सालासकट कुस्करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यातच छोट्या वाटीत दागिना, अंड्याला न टेकता. दागिना रिठ्यानं धुतलेला, पूर्ण कोरडा हवा आणि नंतर बोट लावायचं नाही. ठशाच्या जागी रंग चढत नाही. तासाभरात पिवळा-तपकिरी, रात्रभरात गडद. मग काढा, धुवा आणि उठावाचा भाग खडूनं पांढरा करा. अंगठी काळी करणारं गंधकच इथं कामाला लावलेलं असतं.

वाळवण्याकडं दुर्लक्ष होतं आणि तिथं घुंगरं बिघडतात. घुंगराच्या फटीतून गेलेलं पाणी दिवसभर आत राहतं. आतला दाणा लोखंडी असेल तर गंजतो, आवाज बसतो आणि फटीतून तांबडं पाणी चांदीवर उतरतं. धुतल्यावर पैंजण फडक्यात धरून जोरात झटका, मग कोरड्या लाकडी भुशात अर्धा तास पुरून ठेवा. सोनारही भुसाच वापरतात. भुसा नसेल तर पंख्याखाली सुती कापडावर पसरून, मध्ये दोनदा उलटून. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके पडतात म्हणून शेवटचा हात आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याचा.

दुरुस्तीतलं घरी करण्याजोगं थोडं आहे. पैंजणाची कडी उघडायची तर दोन गुळगुळीत पकडींनी टोकं एकमेकांपासून ओढू नका, एक पुढं आणि एक मागं अशी पिळा; बंद करताना उलट. ओढलेली कडी पुन्हा गोल होत नाही. पकडीला दाते असतील तर तोंडाला कापड गुंडाळा. बाळाचे चेपलेले वाळे लाटण्यावर चढवून अंगठ्यानं दाबत सरळ होतात, हातोडी नको. मात्र चांदी वाकवत गेलं की तिला ताठा येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तीच जागा तडकते. सुटलेल्या सांध्याला कथील-शिशाची झाळ (सोल्डर) रेडिओ दुरुस्तीच्या कावियानं कधीच देऊ नका. पुढं गुजरीत, म्हणजे कोल्हापुरातल्या सराफ पेठेत, सोनारानं खरी झाळ लावायला तो दागिना तापवला की शिसं चांदीत शिरून खड्डे पाडतं, आणि त्याची कुरकुर रास्त असते. उजाळा द्यायला टाकताना वजन करून द्या, घेताना पुन्हा करा. मशीनच्या चाकावर थोडं उतरणारच. किती, ते कळलेलं बरं.

ठेवताना रबरबँड नको. त्यातलं गंधक कापडातूनही काळी रेघ उमटवतं. लोकरीचं कापड आणि वर्तमानपत्र नको. सोनाराचा गुलाबी कागद कोरडा असेपर्यंत छान, पावसाळ्यात ओल धरली की रंग सोडतो. प्रत्येक दागिना वेगळ्या झिपच्या पातळ पिशवीत, हवा दाबून काढून, बरोबर औषधाच्या बाटलीतली सिलिकाची पुडी. पैंजणाची जोडी एकत्र ठेवली तर कड्या एकमेकींत अडकतात आणि सोडवताना तुटतात.

राहिली जोडवी. ती सहसा काढत नाहीत, तेव्हा पायातच साफ करायची. कोमट रिठ्याच्या पाण्यात पाय दहा मिनिटं, मग ब्रश. सुती साडीच्या काठाची बोटभर रुंद पट्टी खडूत बुडवून जोडव्याच्या खालून घ्यायची आणि दोन्ही टोकं धरून ताकाच्या रवीच्या दोरीसारखी चार वेळा मागं-पुढं ओढायची. धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. कातडीवरचा हिरवट-काळा डाग घाम आणि तांब्याचा, तो साबणानं जातो. जोडव्याची खालची बाजू जमिनीला घासून कागदासारखी झालेली असते. तिच्यावरून बोट फिरवून बघा. धार लागली किंवा टोकं एकमेकांवर चढलेली दिसली तर घरी पकड लावू नका. वापरून ताठलेली चांदी तिथंच मोडते, आणि मोडते ती बोटात असताना.